अवकाशात भाजी पिकते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुलुंडला राहते. तीसेक वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, आता शाळांमधून आणि सोसायट्यांच्या गच्च्यांवर झाडांविषयी बोलते. शुभांशू शुक्ला अंतराळ स्थानकावर मेथी आणि मूग घेऊन गेले, तेव्हापासून जास्वंदीवरच्या माव्याबद्दल मला कोणी काही विचारत नाही. सगळे वर बोट दाखवतात. तीच तीच उत्तरं देऊन घसा बसला, म्हणून इथे एकदाच लिहून ठेवते आहे.

शुक्लांनी खरंच वर मेथीची शेती केली का?

शेती नव्हे हो, मोड आणले. २५ जून २०२५ ला ते निघाले, १५ जुलैला परतले. मधल्या, स्थानकावरच्या अठराएक दिवसांत छोट्या बशांमध्ये मेथी आणि मूग भिजवले, उगवू दिले आणि ठरल्या दिवशी फ्रीझरमध्ये ठेवले. प्रयोग धारवाडचा होता, तिथल्या कृषी विज्ञान विद्यापीठाचा आणि आयआयटीचा. गोठवायचं अशासाठी, की वाढ त्या क्षणाला थांबते आणि मग खाली उगवलेल्या जुळ्या भावंडांशी पेशीन् पेशी ताडून बघता येते.

मेथी-मूगच का, हे मुंबईकराला समजायला सोपं आहे. बाजारात ती बोटभर उंचीची, मुळासकट बांधलेली समुद्रमेथी मिळते ना? किनाऱ्यालगतच्या वाळूत दाट पेरतात आणि दहाएक दिवसांत उपटतात. (निवडताना आणि धुताना जीव जातो, तरी शेवटच्या घासाला दाताखाली एक कण येतोच.) त्या वाळूत खत असं फारसं नसतं. तरी मेथी येते, कारण पहिल्या आठवड्याची शिदोरी बी स्वतःच घेऊन आलेलं असतं. वर नेमकं हेच हवं असतं: माती नको, खत नको, थोडं पाणी आणि चार-आठ दिवस. पोट भरणार नाही, पण पानात काहीतरी हिरवं पडेल.

म्हणजे अवकाशात काही उगवण्याची ही पहिलीच वेळ?

छे! सोव्हिएत लोकांनी १९७१ मध्येच साल्यूत-१ या त्यांच्या अंतराळ स्थानकावर छोटी रोपपेटी नेली होती. १९८२ मध्ये साल्यूत-७ वर अरॅबिडोप्सिस या मोहरीच्या कुळातल्या चिमुकल्या झाडाने बीपासून बीपर्यंतचा फेरा पुरा केला. आजच्या स्थानकावर २०१४ पासून ‘व्हेजी’ नावाची पेटी आहे. १० ऑगस्ट २०१५ ला स्कॉट केली, शेल लिंडग्रेन आणि किमिया युई यांनी तिच्यातला लाल लेट्यूस खाल्ला. आदल्या वर्षीचं पीक त्यांना चाखायलाही मिळालं नव्हतं, ते तपासणीसाठी गोठवून खाली पाठवलं होतं. २०२१ मध्ये मिरच्या आल्या, पेरणीपासून शेवटच्या तोडणीपर्यंत १३७ दिवस लागले. चिनी स्थानकावर २०२२ मध्ये भाताला लोंब्या धरल्या.

आपल्याकडे शुक्लांच्या आधी चवळीचा नंबर लागला. ३० डिसेंबर २०२४ ला श्रीहरिकोट्याहून उडालेल्या पीएसएलव्ही सी-६० चा शेवटचा टप्पा इस्रोने कक्षेतच ठेवला आणि त्यावर प्रयोग लावले. त्यात आठ चवळीच्या बिया होत्या. चार दिवसांत मोड आले, मग पानंही फुटली. त्याच यानावर मुंबईच्या अ‍ॅमिटी विद्यापीठाने पालकाच्या पेशींचा गोळा पाठवला होता. अख्खी पालकाची जुडी नव्हे, पेशींचा पुंजका. वजन नसताना तो कसा वाढतो आणि इथे जमिनीवर कसा, एवढाच प्रश्न.

कशाला एवढा खटाटोप? डबे भरून न्यावेत.

आज तेच करतात आणि ते बरोबरच आहे. स्थानक चारशे किलोमीटरवर आहे, अधूनमधून सामानाचं यान जातं. मुंबई-गोवा अंतर याहून जास्त. पण मंगळावर जाऊन यायचं तर अडीच-तीन वर्षं धरा. माणशी रोज वेष्टनासकट साधारण १.८ किलो अन्न लागतं. चार माणसं, हजार दिवस: ७,२०० किलो.

समजा तेवढं नेलंही. तरी डब्यातल्या अन्नातलं क जीवनसत्त्व आणि ब-१ दोन-तीन वर्षांत कमी होत जातं. जुन्या काळी लांबच्या सफरीवर खलाशांच्या हिरड्या सुजून दात पडायचे, ते याच क जीवनसत्त्वाअभावी. म्हणून पहिल्या टप्प्यात पिकांकडून पोट भरण्याची अपेक्षा कोणी करत नाही. ताटाच्या डाव्या बाजूची कोशिंबीर मिळाली तरी पुष्कळ.

मन रमतं हेही खरं. धातूच्या पिंपात सहा महिने काढणाऱ्या माणसाला रोपाची काळजी घ्यायला आवडते.

पाणी कसं घालतात? झारी उपडी केली तर?

झारीतून पाणी बाहेरच येणार नाही. आलंच तर गोळा होऊन तोंडाला चिकटून बसेल. हसू येतं, पण वरच्या शेतीतलं सगळ्यात अवघड काम हेच आहे.

आपल्या खिडकीतल्या कुंडीला खाली भोक असतं. पाणी घातलं की जादाचं वाहून जातं (आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरीवर पडतं). भोक नसेल तर मुळं कुजतात, कारण मुळांनाही श्वास लागतो आणि मातीच्या कणांमधली हवेची जागा पाण्याने घेतलेली असते. वर सगळ्याच कुंड्या बिनभोकाच्या. पाण्याला खाली जायची ओढ नाही, मग पृष्ठताणाचं राज्य: पाणी मुळांना बिलगतं आणि तिथेच राहतं. मूळ बुडून मरतं आणि दोन बोटांवरचा कोपरा कोरडा ठक्क.

त्यावर व्हेजीतला उपाय म्हणजे उशी. खरंच उशीसारखी शिवलेली कापडी पिशवी. आत भाजलेल्या मातीचे बारीक खडे आणि हळूहळू विरघळणारं खत, वर चीर देऊन बसवलेल्या वाती. बी या वातीमध्ये चिकटवलेलं असतं. समईच्या वातीत तेल चढतं तसं वातीतून पाणी बीपर्यंत येतं.

एवढं करूनही २०१५ च्या डिसेंबरात झिनियाच्या पानांना पाणी सुटलं आणि बुरशी धरली. कारण साधंच, ओल जास्त आणि पंख्याचा वारा कमी. केलींनी पंखा वाढवला, रोगट पानं कापली आणि ठरलेलं वेळापत्रक गुंडाळून ठेवून पानांकडे बघून पाणी द्यायला सुरुवात केली. जानेवारी २०१६ मध्ये फुलं आली. जुलैत खिडकीतल्या कुंड्यांना सवयीने रोज तांब्याभर पाणी ओतणाऱ्या माझ्या समस्त मैत्रिणींना मी ही गोष्ट ऐकवत असते.

पंखा कशाला? झाडाला काय उकडतं का?

खाली गरम हवा वर जाते, गार हवा तिची जागा घेते आणि पानाभोवतीची हवा आपोआप बदलत राहते. वजनच नसेल तर गरम काय नि गार काय, कोणीच जागचं हलत नाही. मग पान स्वतःच सोडलेल्या वाफेत आणि ऑक्सिजनमध्ये गुरफटून बसतं आणि त्याला हवा असलेला कार्बन डायऑक्साइड मिळत नाही. म्हणून पंखा.

वर-खाली नसेल तर मुळांना दिशा कशी कळते?

आधी एक दुरुस्ती. तिथे गुरुत्वाकर्षण नसतं असं नाही, चारशे किलोमीटरवरही ते इथल्या नव्वद टक्के असतं. पण स्थानक आणि त्यातलं सगळंच एकत्र, सतत पडत असतं, म्हणून वजन जाणवत नाही.

मुळाच्या टोकाशी काही पेशींमध्ये पिष्टाचे जड कण असतात. ते ज्या बाजूला साचतात ती बाजू खालची, असा मुळाचा हिशोब. वर हे कण तळाशी बसतच नाहीत. मग उजेडाचा आधार घेतात. नवरात्रात घटाभोवतीचं धान्य बघा: देवघराच्या कोपऱ्यात उजेड कमी, म्हणून रोपं पिवळी आणि लांबुडकी होतात आणि सगळीच्या सगळी खिडकीकडे झुकतात. वरची रोपं तशीच दिव्याकडे जातात, मुळं दिव्यापासून लांब. निळा प्रकाश यात विशेष कामाचा. म्हणून लाल दिव्यांच्या जोडीला निळे असतातच आणि फोटोत ती पेटी जांभळी-गुलाबी दिसते. थोडे हिरवे दिवेही लावतात. झाडाला त्यांची तेवढी गरज नसते, पण जांभळ्या उजेडात पान रोगट आहे की ताजं हे माणसाला ओळखता येत नाही.

एका माणसाला जगवायला किती जागा लागेल?

हा प्रश्न मुंबईत हमखास येतो आणि कोणी मीटरमध्ये ऐकून घेत नाही, म्हणून चौरस फुटांत सांगते.

भरपूर उजेड दिला तर एका माणसाच्या ऑक्सिजनसाठी साधारण २० ते २५ चौरस मीटर पीक लागतं. २५ चौरस मीटर म्हणजे २६९ चौरस फूट, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनातली (‘एसआरए’तली) जुनी खोली. पूर्ण अन्नासाठी साधारण ५० चौरस मीटर, ५३८ चौरस फूट, म्हणजे बऱ्यापैकी वन बीएचके. तोही कार्पेट एरिया, नुसतं पीक. माणसाने झोपायचं कुठे ते वेगळं. हां, मजल्यावर मजले चढवता येतात.

हे नुसते कागदावरचे आकडे नाहीत. १९९५ मध्ये ह्यूस्टनला नासाच्या बंद खोलीत एक माणूस १५ दिवस राहिला. त्याच्या हवेसाठी गव्हाचं रान होतं ११.२ चौरस मीटर, जेमतेम १२० चौरस फूट. प्रखर उजेडात ते पुरलं. त्याच्याही आधी, १९७२-७३ मध्ये, सायबेरियातल्या क्रास्नोयार्स्कला ‘बायोस-३’ या बंदिस्त घरात तिघेजण १८० दिवस राहिले होते. हवा झाडांनी दिली, धान्य-भाजी बरीचशी तिथलीच, मांस मात्र बाहेरून आणलेलं. बीजिंगच्या ‘युएगोंग-१’ मध्ये विद्यार्थ्यांच्या दोन गटांनी आळीपाळीने ३७० दिवस काढले, २०१७ च्या मे पासून २०१८ च्या मे पर्यंत.

खरी अडचण जागेची नाहीच, विजेची आहे. चांगल्या एलईडीने दणकून उजेड द्यायचा तर दर चौरस मीटरला ४०० वॅट धरा. ५० चौरस मीटरला २० किलोवॅट. दीड टनाचे तेरा-चौदा एसी सोळा-सोळा तास चालवल्यासारखं, ते सुद्धा एका माणसाच्या जेवणासाठी! त्या विजेतला अगदी थोडा भाग अन्नात उतरतो, बाकीची उष्णता होते आणि ती बाहेर टाकायला पुन्हा यंत्रणा. म्हणून मी ‘अवकाशातली बाग’ हा शब्द वापरत नाही. हा झाडांचा बनवलेला कारखाना आहे. बागेत माळी एक दिवस नाही आला तरी चालतं.

मग स्थानकावर सध्या श्वास झाडांमुळे चालतो का?

नाही. विजेने पाणी फोडून ऑक्सिजन काढतात. पाणीही यंत्रंच स्वच्छ करतात, घाम आणि लघवीसकट सुमारे ९८ टक्के पाणी परत वापरता येतं हे २०२३ मध्ये साधलं. झाडं अजून पाहुणी आहेत.

तुळस चोवीस तास ऑक्सिजन देते ना? मग चार कुंड्या का नेत नाहीत?

व्हॉट्सअ‍ॅपवरचा तो निरोप मलाही दर वटपौर्णिमेला येतो. अंधारात तुळसही तुमच्या-माझ्यासारखीच ऑक्सिजन घेते.

पण यातला खरा मुद्दा हिशोबाचा आहे आणि तो शिक्षकांनाही चटकन पटत नाही. झाड ऑक्सिजन देतं ते स्वतःचं अंग वाढवताना. जेवढा कार्बन अंगात बांधला, तेवढाच ऑक्सिजन मोकळा झाला. ते अंग तुम्ही खाल्लंत, जाळलंत किंवा कुजू दिलंत, की तेवढाच ऑक्सिजन परत खर्च. कुंडीतली जुनी तुळस, जिची वाढ आणि पानगळ सारखीच चालली आहे, तिची शिल्लक जवळजवळ शून्य. जमा तेवढा खर्च.

माणसाला दिवसाला सुमारे ८४० ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि तो साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. त्याचं सगळं अन्न आतच पिकलं तर ऑक्सिजनचा हिशोब आपोआप जुळतो. मात्र गव्हाचे दाणे खाल्ल्यावर उरलेल्या काडाचं काय? ते कुजवून खत केलं तर कुजवणारे जीव ऑक्सिजन खातात. म्हणून या शेतीत ज्याचा खाण्याजोगा भाग जास्त ते पीक शहाणं.

हा हिशोब चुकला की काय होतं ते अ‍ॅरिझोनातल्या ‘बायोस्फिअर-२’ मध्ये दिसलं. १९९१ मध्ये आठ माणसं काचेच्या त्या प्रचंड घरात शिरली. घराबाहेर नि घराआत हवा सारखीच होती, ऑक्सिजन २०.९ टक्के. तो घसरत १४.५ पर्यंत आला. माणसांना जिना चढवेना. सुपीक काळ्या मातीतले जंतू झाडांपेक्षा भरभर ऑक्सिजन खात होते. मग त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड तरी वाढायला हवा होता! तो इमारतीच्या काँक्रीटने गुपचूप शोषून घेतला होता. १९९३ च्या जानेवारीत बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला.

पीक अगदीच फसलं असं कधी झालं?

रशियाच्या मीर स्थानकावर, १९९६ मध्ये. बुटका गहू लावला होता. ठोंब फुटले, ओंब्या भरघोस आल्या, खाली आणून सोलल्या तर आत एकही दाणा नाही. सगळ्या वांझ.

दोष वजन नसल्याचा असेल असं वाटलं होतं. निघालं भलतंच. तुमच्या आजीने पेंढ्यात आंब्याची आढी घातलेली आठवते? एक आंबा पिकला की शेजारचे दहा पिकतात, कारण फळं इथिलिन नावाचा वायू सोडतात आणि झाकलेल्या पेंढ्यात तो कोंडतो. अंतराळ स्थानक ही तशीच एक आढी. मीरच्या कोंदट हवेत इथिलिन साचलं आणि गव्हाचे परागकण नासले. पुढे ‘अपोजी’ हे इथिलिन सोसणारं बुटकं वाण लावलं, तेव्हा दाणे भरले. आता हवेतून इथिलिन काढून टाकायची सोय आधी बसवतात, बी मागून.

मला ही गोष्ट फार आवडते. रॉकेट उडवणाऱ्यांची विकेट काढली ती आढीने.

ज्वारीची भाकरी मिळेल का?

अवघड आहे. ज्वारी डोक्याच्या वर जाते, तिथे गुडघ्याएवढंच पीक परवडतं. दुसरं म्हणजे स्थानकाच्या हवेत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या कितीतरी पट असतो. गहू, भात, बटाटा, शेंगदाणा, सोयाबीन यांना तो फुकटचा खुराक मिळतो. ज्वारी-बाजरी-मक्याने मात्र कमी कार्बनवर भागवायची युक्ती आधीच साधलेली आहे, त्यामुळे जास्तीचा त्यांना फारसा उपयोग नाही.

बटाटा माझा लाडका उमेदवार. झाडाचा मोठा भाग खाता येतो, दळायची-कांडायची भानगड नाही. १९९५ मध्ये कोलंबिया यानात पानासकट कापलेल्या तुकड्यांना इवले बटाटे धरलेही होते. बुटकी आणि लवकर येणारी वाणं मुंबईला नवी नाहीत: तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने बियांवर किरणांचा मारा करून भुईमुगाची आणि उडदाची वाणं काढली. त्यांतला भुईमूग ‘टीएजी-२४’ आणि उडीद ‘टीएयू-१’ आपल्या शेतकऱ्यांच्या चांगल्या ओळखीचे. ती अवकाशासाठी काढलेली नाहीत, पण ठेंगणं झाड आणि शेंगा जास्त, ही मागणी दोन्हीकडे सारखीच.

नारळ? नाही.

फोडणी?

नाही. गरम तेलाचे थेंब हवेत तरंगत फिरतील, आणि मोहरी तडतडली की काय होईल त्याची कल्पना करा. पालेभाजी कच्चीच खातात, खाण्याआधी सायट्रिक आम्लाच्या ओल्या पुसण्याने पुसून. कोशिंबिरीवर भागवा.

मधमाश्या नसतात, मग फळ कसं धरतं?

लेट्यूस, पालकाला फळ धरायचंच नसतं. गहू, भात, टोमॅटो, मिरची यांच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतात. पंख्याचा झोत किंवा हाताने दिलेला हलका झटका पुरतो, नाहीतर ब्रश फिरवायचा. टोमॅटोवरून आठवलं: अमेरिकी अंतराळवीर फ्रँक रुबियो यांचा एक छोटा टोमॅटो स्थानकावर तरंगत कुठेतरी हरवला. त्यांनीच तो खाल्ला असं सगळे चिडवत राहिले. ते घरी परतल्यावर, २०२३ च्या डिसेंबरात, तो सापडला, सुकलेला.

खत कुठून आणणार?

इथे मुलं ‘शी’ म्हणतात. लघवीतून. त्यात नत्र, स्फुरद, पालाश सगळं आहे. युरोपची ‘मेलिसा’ योजना १९८९ पासून यावर काम करते आहे, तिची चाचणी यंत्रणा बार्सिलोनात आहे. एका टाकीत जंतू घाण फोडतात, दुसरीत अमोनियाचं नायट्रेट होतं, पुढे शेवाळ आणि पिकं.

पेच मिठाचा आहे. आपण मीठ खातो, ते लघवीतून निघतं, पिकाला नको असतं. फेरा बंद असेल तर दर फेरीला मीठ साठत जातं. खाडीकाठचं शेत बांध फुटून खारावलं की भाताचं काय होतं, हे ठाणे-रायगडच्या आगरी शेतकऱ्याला विचारा.

चंद्राच्या मातीत काही उगवतं का?

उगवतं, पण आजारी उगवतं. २०२२ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाने अपोलो ११, १२ आणि १७ च्या मोहिमांनी आणलेल्या मातीत अरॅबिडोप्सिस पेरलं. एका रोपाला माती किती, तर चमचाभरही नाही, जेमतेम एक ग्रॅम. बी रुजलं सगळीकडे. नंतर मुळं खुंटली, पानं लालसर-जांभळी पडली. त्या मातीत कुजलेलं काही नाही, जंतू नाहीत, धारदार काचेसारखे कण आहेत.

प्रत्यक्ष चंद्रावर, चांग’ए-४ यानातल्या डब्यात, जानेवारी २०१९ मध्ये सरकीला मोड आला. मग चंद्रावरची रात्र झाली, आपले चौदा दिवस चालणारी, आणि तो गारठून मेला. मंगळाची माती आणखी वाईट, तिच्यात परक्लोरेट हा थायरॉइडला घातक क्षार आहे. पहिली शेती मातीविना, पाण्यावरच होणार.

हे घरी करून बघता येईल का?

वजन घालवता येत नाही, पण मुळाला गोंधळात पाडता येतं. लॅमिंग्टन रोडवर गिअरवाली छोटी १२ व्होल्टची मोटर मिळते, मिनिटाला दोन फेरे घेणारी घ्या. पातळ प्लॅस्टिकच्या डब्याच्या झाकणावर ओला कापूस पसरा, त्यावर मोड नुकते डोकावणारे पाच-सहा मूग ठेवा, वरून जाळीचं कापड ताणून बांधा. झाकण मोटरीच्या दांड्यावर भिंतीवरच्या घड्याळासारखं उभं बसवा आणि फिरू द्या. शेजारी तसंच दुसरं झाकण उभं, पण स्थिर. दोन्हींवर खोकं पालथं घाला, नाहीतर उजेड दिशा दाखवेल.

स्थिर झाकणावरची मुळं काही तासांत खाली वळतात. फिरणाऱ्यावरची नाहीत: ज्याचं तोंड जिकडे होतं तिकडेच ते सरळ वाढतं, कारण पिष्टाचे कण एका बाजूला साचायच्या आत खालची बाजू बदललेली असते.

माझ्या पहिल्या खेपेला रात्री वायर दांड्याभोवती गुंडाळली आणि मोटर अडकली. सकाळी सगळ्या मुळांना एकसारखी कोपरं फुटली होती. कोपरापासून टोकापर्यंत मोजलं, पाच-सहा मिलिमीटर. मूग या वयात ताशी एखादा मिलिमीटर वाढतो, म्हणजे मोटर पहाटे एक-दोनच्या सुमाराला थांबली असणार. आता मी वायर चिकटपट्टीने टेबलाला बांधते, आणि मुलांना आधी मोटर कधी थांबली ते ओळखायला सांगून मग झाकण दाखवते. कापूस दर बारा तासांनी चमच्याने ओला करा, जास्त नको. मूग नंतर उसळीत घालायला हरकत नाही. मुळं कापसात घुसलेली असतात, तेवढी तोडून टाका.